उलटा पाव

लुक्का, शुक्रवार

प्रिय आई,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत, तेव्हा आधी पाय वर घेऊन बस आणि मग वाच.

सकाळी गावाच्या तटबंदीवरून फिरलो. माझा एत्तोरे दमून बाकावर बसला, तर बाबा म्हणाले, "जावईबापू, तुमच्यापेक्षा आमचं गाढव बरं होतं." खूप हसलो.

दुपारी चौकामागच्या खाणावळीत जेवलो. इथल्या पावात मीठ नसतं. बाबांनी वाढणाऱ्या बाईला विचारलं, "मीठ महाग झालं का हो तुमच्याकडे?" मला वाटलं, या वयात त्यांना प्रवास झेपेल का, ही आपली काळजी उगाचच होती.

मग त्यांनी पाव टेबलावर उलटा ठेवला.

उलटा पाव म्हणजे घरावर संकट, म्हणून आम्हा पोरांच्या हातावर फटके देणारे बाबा. मी पाव सुलटा केला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग कौतुकाने म्हणाले, "छान सवय आहे. कुणी शिकवली तुम्हाला, बाई?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"मग आमच्याकडचेच असणार ते," म्हणाले आणि जेवू लागले.

थोड्या वेळाने मला नावाने हाक मारून "नुन्त्सिया, वाइन दे" म्हणाले. म्हणजे सगळं ठीक आहे. मी मात्र तेव्हापासून त्यांचा हात सोडलेला नाही.

गुडघा कसा आहे? अंजिरं उतरवलीस का?

फोनवर विचारता येत नाही, ते शेजारीच असतात. निघताना तू माझ्या कानात म्हणालीस, "त्यांना एकटं सोडू नकोस." मला वाटलं, गर्दीमुळे म्हणतेस. आई, खरं सांग, घरी तुलाही ते कधी 'बाई' म्हणाले का?

तुझी,
नुन्त्सिया