झाकण कोणी बसवलं

३ फेब्रुवारी, सोमवार. चंद्रपूर

बारा दिवस इथीच! अन् गेट साडेसहाले बंद. कुंपणापाशी वाघीण फिरून राह्यली म्हणे. चौकीदार भैयाजी कुलूप लावून वर हसतात — "बाई, पीएचडी नंतर, जीव आधी!"

प्रशिक्षण असं, की प्रोटीनचा आकार एकाच पद्धतीनं पाहायचा नाई. मी क्रिस्टलवाली, म्हंजे प्रोटीनचा स्फटिक करून पाहणारी; मले एनएमआर, म्हंजे पाण्यातच चुंबकानं पाहणं, शिकायचं. एनएमआरवाल्यानं क्रिस्टल शिकायचं. यंत्रं हैदराबादले, अन् आम्ही इथी त्यांच्या आकड्यांवर डोळे फोडून राह्यलो. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी सगळं एका फोल्डरात टाकायचं. लपवालपवी चालणार नाई.

४ फेब्रुवारी

आरमोरीहून बाबाचा फोन. माझं प्रोटीन त्यांच्याच धंद्यातलं — टसर रेशमाचं पाखरू तोंडातल्या पाण्यानं कोष भिजवून बाहेर येते, त्या पाण्यातलं. "ते तं आमी दरसाली पाहतो. त्याले कॉम्प्युटर कायले पायजे?" लय हसली मी.

७ फेब्रुवारी

मेली मी!

निकेश माझा जोडीदार, एनएमआरवाला. माझ्या गाइडच्या २०१९ च्या पेपरात या प्रोटीनच्या तोंडावर एक झाकण आहे, घट्ट बंद. निकेशनं पाण्यातलं प्रोटीन पाह्यलं, तं झाकण सताड उघडं, सारखं हलून राह्यलं! म्हणे, "करिष्मा, हे कोणी बसवलं वं? क्रिस्टलच्या नकाशात तं इथी काहीच नाई."

मी पाह्यलं. खरंच काही नाई. नुसत्या अंदाजानं बसवलेलं.

माझा अख्खा प्रबंध त्या बंद झाकणावर उभा आहे. अठ्ठावीसले जमा करायचा.

८ फेब्रुवारी

गुणवंतराव सरले फोन लावला. गाइड आहेत माझे. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तू नको उकरू ते. तुलेच महाग पडेल."

धमकी! पेपर त्यांचा, चूक त्यांची, अन् गळा माझा.

१० फेब्रुवारी

फोल्डरात टाकलं तं प्रबंधावरची सरांची सही गेली. नाई टाकलं तं निकेशले सगळं माहीत. गेट बंद.

१२ फेब्रुवारी

घाबरट माणूस! नाव व्हावं म्हणून ठोकून दिलं असेल झाकण. अन् सहा वर्षं तेच शिकवलं मले! लॅबमधल्या साधनाले २०१९ ची प्रयोगवही मागितली. पुराव्यासकट टाकते, मग पाहू.

१३ फेब्रुवारी

साधनानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जून २०१९. तेव्हा मी एमएस्सीची, सरांकडे दोन महिने शिकायले गेलती. प्रोटीनच्या मॉडेलात डझनभर तुकडे बसवले असतील, कोणते ते आठवतही नव्हतं.

"झाकण बसवलं. मस्त दिसते!" — अक्षर माझं.

खाली सरांचा लाल पेन: "पुरावा?"

त्याच्याखाली पुन्हा मीच: "आहे, सर."

एवढ्या वर्षांत माझं नाव घेतलं नाई त्यांनी. अन् मी त्यांना काय काय म्हटलं, याच डायरीत.

१४ फेब्रुवारी

फोल्डरात टाकलं. 'चूक कोणाची' असा रकाना नव्हता. मी केला, अन् माझं नाव लिहिलं.