क्रमनिरपेक्ष

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, अविवाहित, निवृत्त प्रोग्रामर. माझे डोके ताळ्यावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणाच्याही दबावाखाली न येता मी हे लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, मी फक्त गप्प बसले होते.

१. राहते घर भाचीला. न्हाणीघराची कडी आतून अडकते, ती आधी बदलून घे गं.

२. भावाला काही नाही. आईच्या आजारपणात "बघतो, कळवतो" म्हणाला होता. अजून कळवतोच आहे.

३. माझी पुस्तके आणि संगणक ज्याला उपयोगी पडतील त्याला द्यावेत.

४. मी आणि मास्तर, म्हणजे माझे ज्येष्ठ सहकारी, आम्ही दोघांनी बीजगणित सोडवणारी प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक वस्तूला प्रकार असे: पाच हा पूर्णांक. पूर्णांक हा प्रकार पुन्हा एका संवर्गात बसे, आणि तो संवर्गही प्रकारच धरला जाई. संवर्ग म्हणजे हमी. पूर्णांकांच्या संवर्गाची हमी अशी: इथे गुणाकार होतो, आणि त्याचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. गुणाकार लिहिला आहे की नाही, हे यंत्र तपासते. क्रमाची हमी ते तपासत नाही, लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबते.

वळणांचा, म्हणजे वस्तू अवकाशात फिरवण्याचा, प्रकार मी लिहिला. वळणांचा क्रम बदलला की वस्तू भलतीकडे तोंड करते, हे हातातली वही फिरवूनही कळते. घाईत मी तो क्रमनिरपेक्ष, म्हणजे क्रमाने फरक पडत नाही अशी हमी देणाऱ्या, संवर्गात टाकला.

मास्तर म्हणाले, "बाई, हा इथं बसतो का? एकदा बघून घ्या."

"बघितलंय, मास्तर. सोडा आता."

बघितले नव्हते. प्रणालीने सूत्र आटोपशीर करताना गुणाकारांची अदलाबदल केली. छोट्या कोनांना फरक दिसला नाही, म्हणून चाचण्या पार पडल्या. ते सूत्र बंदरातल्या क्रेनमध्ये गेले. पूर्ण वळणावर क्रेनचा हात उलटा फिरला आणि चालक केबिनसकट धक्क्यावर कोसळला. चौतीस वर्षांचा होता. मुलगी दोन वर्षांची.

चौकशीत विचारले, "ही ओळ कोणाची?" फाइलवर दोघांची नावे होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"तपासायची जबाबदारी माझी होती," ते म्हणाले.

त्यांची नोकरी गेली, मला बढती मिळाली. ते वारले तेव्हा मी फुले पाठवली, गेले नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने दारातच सगळे ऐकून घेतले. "मला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक दिवस येऊन सांगाल, असं त्यांना वाटायचं. शेवटपर्यंत वाटायचं." आणि दार लावले.

५. बँकेतली शिल्लक चालकाच्या मुलीला. भाचीने आधी तिला कलम चार मोठ्याने वाचून दाखवावे, मगच पैशांचे बोलावे. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये. काही बोलली तर मध्ये बोलू नये, माझी बाजू तर मुळीच मांडू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: शेजारची परिचारिका (सही)
खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी