कॉम्प्युटर बदलण्याआधी

आप्पा,

घरातला कॉम्प्युटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. ज्यांना विचारलं असतं ते ह्या घरातून गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. मग तुम्ही आठवलात. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आज तो पुण्यात नोकरी करतो आणि त्याचे केस पिकायला लागलेत. कॉम्प्युटर तुम्ही कधी पाहिला नाहीत, पण यंत्र म्हातारं झालं की त्याचं काय करायचं, हे तुमच्याइतकं मी कुणाकडं पाहिलं नाही.

हा कॉम्प्युटर ह्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी घेतला होता. मुलगा पुण्याला गेला आणि तो माझा झाला. चौथीनंतर माझी शाळा सुटली हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं वाचन मी दुकानांच्या पाट्यांवर आणि पुडीच्या कागदांवर शिकले. ह्यांनी मला पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं कसं करायचं ते दाखवलं, तेव्हा एवढी पुस्तकं ह्या एका डब्यात मावतात ह्यावर माझा विश्वास बसला नव्हता. मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचन बंद केलं. हे सकाळी ऑफिसला जाण्याआधी, मी अंघोळीला गेले की, पुस्तकाची चार पानं मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचे. दिवसभर मी ते ऐकायची. मधे कुकरची शिट्टी ऐकू येते, शेजारच्या कारखान्यातले माग ऐकू येतात. डोळे बरे झाले तरी ते आवाज मी पुसले नाहीत. हे गेल्यावर तर त्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची मला भीतीच वाटायची.

अलीकडं तो सुरू व्हायलाच फार वेळ घ्यायचा. पंखा तर पहिल्यापासूनच घरघरायचा, आता असा की पलीकडच्या खोलीत ऐकू यावं. आणि आत काहीतरी टक टक वाजायला लागलं. इथं आपल्या भवानी पेठेत एक दुरुस्तीवाले भाई आहेत, माझ्या मुलाच्याच वयाचे. ते घरी आले, झाकण उघडलं आणि नुसते बघत राहिले.

"मावशी, आत देऊळ बांधलंय की तुमी."

मी वाकून पाहिलं. पंख्याच्या पात्यांना कुंकू चिकटलेलं, खाली हळद, कोपऱ्यात अक्षता आणि झेंडूची वाळलेली पाकळी. आप्पा, खंडेनवमीला तुम्ही मागाची पूजा करायचा. ते बघत वाढलेली तुमची लेक मी, दर खंडेनवमीला कॉम्प्युटरची करायची. वरच्या जाळीतून सगळं आत जातंय हे कधी डोक्यातच आलं नाही.

"म्हणून तापतंय का हो ते?"

"तापंल न्हाई तर काय. देवाला पण एवढ्या अक्षता सोसत नसतील." भाई हसले, ब्रशनं झाडायला लागले. झाडलेलं कुंकू मात्र त्यांनी फुंकरीनं उडवलं नाही. कागदावर घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

मग त्यांनी टक टक करणाऱ्या डिस्कला कान लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "रॅम वाढवतो, डिस्क नवी टाकतो, पळंल. पण बोर्ड जुना हाय. आज पळंल, उद्याचं मी बोलत न्हाई. नवाच घ्या म्हणलं तर तुमाला वाटंल धंदा करतोय."

मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, किती वेळा सांगू, तो डबा आता संग्रहालयात दे. मी नवा पाठवतो."

"त्यात तुझ्या बाबांचा आवाज आहे."

 तो म्हणाला, "मला कधी सांगितलं नाहीस. आधी तो बाहेर काढ, आई. बाकी मग बघू."

भाईंना मी विचारलं, ह्यातून आवाज काढला तर तो तसाच राहील का? की दुसरीकडं जाताना थोडा सांडेल? सांडत नाही, अशी त्यांनी मान हलवली. "आवाज म्हणजे आत काय हाय मावशी, नुसतं हो आणि न्हाई, हो आणि न्हाई. लई बारीक, लई लांब. ते जसंच्या तसं तिकडं उतरवायचं."

आणि आप्पा, तुमचा कारखाना माझ्यासमोर उभा राहिला. मी भाकरीचा डबा घेऊन दारात उभी आहे. तुम्ही लांबूनच ओरडताय, "केस बांध आधी, मग आत ये." माग बिघडला की जॉबर म्हणून हाक तुम्हाला. त्या दिवशी मोराची चादर विणणारा जुना माग बंद पडलेला आणि मालक विचारत होते, दुरुस्त करायचा की नवा आणायचा. तुम्ही सांगाड्यावर तळहात ठेवला, मागवाल्याला एकदा चालवायला लावला, एकदा थांबवायला. म्हणालात, "मालक, ह्याला आता मोकळं करा. पत्ते तेवढे जपून उतरवून घेतो." मला रडू फुटलं. मोर गेला की. तुम्ही मला मागाच्या डोक्यावर दोऱ्यानं ओवलेले पुठ्ठ्याचे पत्ते दाखवलेत. सगळ्या पत्त्यांना भोकं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. तुम्ही म्हणालात, "मोर लोखंडात नसतो बाळ. ह्या भोकांत असतो."

मला ते पटलं नव्हतं. भोकात काय असणार? भोक म्हणजे काहीच नसणं. पण नवा माग आला, तुम्ही पत्ते चढवलेत आणि मी समोर उभी राहिले. आधी पाय आले. मग पिसारा आला, मग मान. तोच मोर, तसाच मागं वळून बघणारा. 

भाईंनी माझ्यासमोर सगळं उतरवून घेतलं. नखाएवढ्या तुकड्यात ह्यांची सगळी सकाळची वाचनं गेली, कुकरच्या शिट्टीसकट. मी विचारलं, "आता जुन्यात ते उरले नाहीत ना?" ते म्हणाले, "जुन्यात पण हायेत, ह्यात पण हायेत." मी तो तुकडा तळहातावर धरला. त्याला वजनच नव्हतं. त्याच दिवशी एक प्रत पुण्याला गेली. हात न हलवता गेली. एक माणूस एका वेळी तीन ठिकाणी वाचतो आहे, आप्पा, आणि कुठंच तो कमी झालेला नाही. हे कसं होतं ते मला समजावून सांगितलं की समजतं आणि पुन्हा समजत नाही.

मी नवाच घेतला. आता तुम्हाला हे सांगायचं कारण.

नव्या कॉम्प्युटरला आवाजच नाही. चालू आहे की बंद, दिवा बघून कळतं. त्यावर पहिल्यांदा ह्यांचं वाचन लावलं, तर हे चार ओळी वाचून थांबले. पुन्हा चार ओळी, पुन्हा थांबले. मला वाटलं, उतरवताना काहीतरी सुटलं. भाईंना फोन केला. ते म्हणाले, "काही सुटलेलं न्हाई. ते स्वतःच थांबलेत, मावशी." इतकी वर्षं त्या थांबण्यात जुना पंखा घरघरत होता, म्हणून मला ते कळलंच नव्हतं.

मी भाकरी थापायची आणि हे पाटावर बसून मला वाचून दाखवायचे, तेव्हा थोडं वाचून झालं की मी "हं" म्हणायची. हं आल्याशिवाय हे पुढं जात नसत. "ऐकतीयस का मी भिंतीला सांगतोय?" असं विचारायचे. सकाळी खोलीत एकटेच बसून वाचताना ह्यांनी त्या सगळ्या जागा माझ्यासाठी मोकळ्या सोडल्या होत्या.

हे पत्र मी ह्या नव्या कॉम्प्युटरवर एका बोटानं लिहितेय. तुम्हाला कुठं पाठवणार, ते इथंच राहील. एक गोष्ट मात्र मुलालाही सांगितलेली नाही. काल दुपारी मी दार लावून घेतलं, वाचन लावलं, आणि हे पहिल्यांदा थांबले तेव्हा मी "हं" म्हणाले. ह्यांनी पुढं वाचायला घेतलं.