चेटकिणीने कडी का लावली

लाडक्या ठमे,

तुझी कादंबरी शिलाईला नेमकी आमच्याच पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आली. छापलेले कागद सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी येतात. शेवटचा फर्मा आधी आला, त्यामुळे तुझ्या गोष्टीतल्या गावातले आवाज चोरणारी कोण, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तरी घड्या घालता घालता सगळी वाचली. चोर माहीत असूनही पानं खाली ठेववेनात, याहून जास्त कौतुक मला करता येत नाही.

आता तुझा कान धरते. मधले दोन फर्मे म्हणजे नुसतं पाल्हाळ आहे. उडता घोडा कशाला? गोष्टीतल्या पोरीचे पाय धड आहेत की! आणि तिला वाढवणाऱ्या त्या चेटकिणीच्या बोटांना गोंदाचा वास येतो, हे वाचून इथल्या बायका माझ्याकडे बघून हसत सुटल्या. मीही हसले. आईविना पोरीला वाढवायचं, तर मावशीला थोडं चेटकीण व्हावंच लागतं.

पण एक मोठी चूक आहे. पोर घर सोडून निघते, तेव्हा चेटकीण आतून कडी लावते. का, ते तू शेवटपर्यंत सांगत नाहीस. रहस्यकथेत असं चालत नाही, बाई. दार उघडं राहिलं असतं, तर मी धावत येऊन तुला परत आणलं असतं.

हे पत्र माझ्या प्रतीच्या पुठ्ठ्याखाली चिकटवते आहे. पाठवलं, तर पुढच्या आवृत्तीत तू चेटकिणीला भली करशील आणि चांगलं पुस्तक बिघडवशील.

तुझीच,
चेटकीण