वेळेआधी घेतलेलं टोपडं

ता. ६ फेब्रुवारी ५५, रविवार
आज पुन्हा तेच. ढाकूमामा सकाळपासून मागे लागलेला. म्हणे, "मनातल्या मनात मागलंस तर देवाक कसा कळतला?" मी म्हटलं, कळत नसेल तर तो देव कसला. चिडला. चिडू दे.
गेल्या वेळी ह्याचंच ऐकलं. पाचव्या महिन्यातच तेव्हाच्या चाळीत सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले. पोरगा तीन दिवसांचा होऊन गेला. आधीची पोर तर रडलीपण नव्हती. नंतर महिनाभर मी नळावर कोणाला तोंड दाखवलं नाही.
ह्या वेळी गावी पारूला दिवस गेलेत, नववा लागलाय, हे इथे फक्त मला आणि मामाला ठाऊक. तिसऱ्याला कळू द्यायचं नाही. मामाला गाऱ्हाणं घालायचंय. म्हणजे चार माणसं जमवून देवाला मोठ्याने मागायचं, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावी ठीक आहे. इथे विठ्ठलवाडीत कोण म्हणणार?

ता. ९
पारूचं पत्र, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. पाय सुजलेत. सुईण म्हणते ह्या खेपेला मालवणच्या डॉक्टरला दाखवा. "आपण काळजी करू नये" असं शेवटी आहे. हे मास्तरांचं. पारू असं बोलत नाही. कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय, ते तिचं.
मी बदलीवर, कायम नाही. आठ दिवस गेलो की कामावर दुसरा उभा. आणि नाही गेलो तर

ता. १२
पगार. पंचवीस बाजूला ठेवले, गावी जायचं झालंच तर जाण्यायेण्याला.
साबण आणायला कल्याणच्या बाजारात गेलेलो. टोपडं घेऊन आलो. पिवळं, लाल गोंड्याचं. चौदा आणे. दुकानदाराने विचारलं, किती महिन्यांचं बाळ? मी म्हटलं दोन. सरळ खोटं बोललो, वर हसलोपण.
जन्माआधी कपडा घेत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी हे काय करून बसलो. ट्रंकेत तळाला ठेवलंय. साबण राहिला.

ता. १३, रविवार
कळलं सगळ्यांना.
ढेकूण फार झालेले. जनाबाय, आमची घरमालकीण, तिच्याच शेतात ही पाच खोल्यांची चाळ. तिने सगळ्यांना ट्रंका उन्हात काढायला लावल्या. माझी तिनेच उपडी केली. टोपडं मातीत पडलं. ती बघतच राहिली. मग हळू आवाजात, "कोनाचा रं यो?" मामाने सांगून टाकलं. आधीची दोन गेली तेपण.
वाटलं आता ओरडणार. तिने टोपडं झटकलं, पदराच्या गाठीतून सव्वा रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.
"यो मी इकत घेतला. आता तू घेतलास नाय. समजला?"
मी म्हटलं, जनाबाय, चौदा आण्यांचं आहे.
"गप. पोर झाला क सव्वा देऊन परत ने. एक पै कमी घेनार नाय."
टोपडं तिच्या घरी गेलं. पैसे मी वेगळे बांधून ठेवले.

ता. २०, रविवार
शेवटी गाऱ्हाणं झालं. कळलंय तर कळलंय. अंगणात पाट, त्यावर नारळ नि विडा. मामा गावाकडे तोंड करून उभा. सगळी चाळ आली. देवीबाईपण. ती सिंधमधून आलेली, निर्वासितांच्या कँपातून इथे राहायला आली. विचारते, "क्या बोलना है, बताओ." मामाने तिच्याकडून दोनदा घोकून घेतलं.
"बा देवा म्हाराजा! हो तुझो शंकर पोटासाठी परमुलखात इलो. ह्येची बायल अवघडलेली आसा. आदली दोन गेली ती गेली. ह्या टायमाक तू आड उभो रव. मायलेकराक सुखरूप सोडव म्हाराजा!"
व्हय म्हाराजा! देवीबाईचं सगळ्यांच्या मागून एकटीचं, आणि सर्वांत मोठ्याने. पोरं हसली. जनाबायने एकाला टपली मारली.
माझ्या तोंडून मात्र आवाज फुटला नाही. एकदाही नाही.

ता. २३
पत्र नाही. देवीबाई रोज नळावर विचारते, "चिट्ठी आई?" नाही म्हटलं की माझी बादली आधी लावते.
ज्याचं गाऱ्हाणं तोच गप्प राहिला तर? मामाला विचारायची भीती वाटली. जनाबायला विचारलं. म्हणाली, "तुना बोलता येत नवता म्हनून त आमी जमलो न रं."

ता. २६
मास्तरांचं पत्र. तीनच ओळी. कळा आल्या, बैलगाडीने मालवणला नेत आहोत, डॉक्टरसाठी पैसे लागतील.
तारीख २२ ची. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय. तिकडे सगळ्यांना ठाऊक, मला नाही.
निघावं म्हटलं. मामा म्हणाला, "तू पोचून काय करतलंस? डॉक्टराक पैशे होये, तुझा तोंड नको." बरोबर आहे. तरी राग आला.
पोस्टात जाताना जनाबायच्या दारावरून गेलो. टोपडं धुऊन आत वलणीवर टाकलंय. दिसलं. मी मान वळवली.
जाण्यायेण्याचे ठेवलेले पंचवीस पाठवतोय. जनाबाय आतून ओरडली, तिचा सव्वापण त्यातच घाल, सुईणीच्या हातावर ठेवायला सांग. मी म्हटलं, मग परत नेताना तुला काय देऊ? म्हणाली, "तवा बगू. तू ये त खरा न्यायला."
मनिऑर्डरच्या चिठ्ठीवर काय लिहू सुचेना. पारूला वाचता येत नाही, तरी फक्त व्हय म्हाराजा लिहिलं. मास्तर वाचून दाखवतील.
पाठवले रु. २६, आणे ४.