घाई कोणाची?

सांगली, १२ ऑगस्ट १९७४

सातवा डॉक्टर! कडेगावचे मोघे सकाळीच आले. चहाला हात लावेनात. त्यांच्या दवाखान्यात पेनिसिलिनच्या इंजेक्शनने नाथाजी नावाचा शेतकरी जागच्या जागी गेला. आता त्याच्या विधवेने, राहीबाईने, भरपाईचा दावा लावलाय. "दवाखाना बंद करावा लागेल हो, वकीलसाहेब." म्हटलं, आजवर सहा डॉक्टर सोडवलेत, एकही हरलेला नाही. चहा घ्या आधी.

बायको, शरयू, म्हणते, "आता पाटीवर एमबीबीएसच लिहा." लिहीन की! साताऱ्यापासून मिरजेपर्यंत डॉक्टरांसाठी उभा राहणारा दुसरा वकील आहे कोण?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि औषधांचं पुस्तक उघडलं. आधी हातावर थोडंसं टोचून अर्धा तास थांबायचं. गांधी उठल्या नाहीत तरच पूर्ण इंजेक्शन. मोघे पाच मिनिटं थांबले! कठीण आहे.

२० ऑगस्ट

सापडलं! मोघ्यांना खोदून विचारलं, एवढी घाई का केलीत? मान खाली घालून म्हणाले, "मी गोळ्या देत होतो. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी काय हुतंय, सुई मारा. अर्धा तास थांबा म्हटलं, तर यस्टी जाईल म्हणाल्या." हे आधी सांगायचं नाही का, महाराज! आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टर हा डॉक्टरच नसतो. आणि राहीबाईच्या गावाला एसटी दिवसातून एक.

"तुम्ही डॉक्टर की एसटीचे कंडक्टर?" हे ओठांवर आलं होतं, गिळलं. समोरच्या वकिलाला सुचू नये म्हणजे मिळवली.

६ फेब्रुवारी १९७६

दीड वर्षाने एकदाची उलटतपासणी! आवाज चढवला नाही. बाईला बसायला स्टूल द्यायला लावलं.

"डॉक्टर थांबा म्हणाले होते?"

"व्हय."

"मग घाई कोणाची होती?"

बाई पदराचं टोक पिळत म्हणाली, "माजीच. यस्टी जाईल म्हनलं मी."

संपलं! कंडक्टरचा प्रश्न समोरच्या वकिलाला सुचलाच नाही. इतकी नेमकी तपासणी मी आजवर केली नव्हती.

३० मार्च

दावा फेटाळला! सातात सात. मोघे पेढे घेऊन आले, रडले. वडील याच कोर्टात पट्टेवाले होते, पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. आज त्याच व्हरांड्यात मोठमोठे वकील थांबून माझा हात हातात घेत होते. अभिमान वाटतो. का वाटू नये?

१२ एप्रिल

राहीबाई आली होती. एकटीच. बस म्हटलं तरी बसली नाही. "सायेब, मालकास्नी मीच मारलं म्हंत्यात समदी. सासू माज्या हातचं पानी घेत न्हाई. कोर्टात तुमीच इचारलंसा, तवा तुमीच सांगा. म्या मारलं न्हाई, एवढं कागदावर लिवून द्या."

लिहून दिलं. बाईची चूक नाही, थांबायला डॉक्टरांनी हवं होतं. खाली सही केली.