हाक मारेपर्यंत

३ मे १८७६

पोचलो एकदाचा! किनाऱ्यापासून घोड्यावर अकरा दिवस. बूड असं सोलवटलंय की हे उभ्यानेच लिहितोय. पोलीस ठाणं म्हणजे झाडाच्या सालीची छपरं घातलेल्या तीन खोपट्या, घोड्यांचं कुंपण आणि समोर कोरडा ओढा. सब-इन्स्पेक्टर हॅलोरन यांनी माझं अक्षर पाहिलं आणि खूश झाले. त्यांचं स्वतःचं म्हणजे कोंबडीचे पाय. अहवाल आता मी लिहायचे.

आमचे सहाही स्वार या मुलखातल्या मूळ रहिवाशांसारखेच काळे, पण इथले नव्हेत. सरकार त्यांना दूर दक्षिणेतून भरती करून आणतं, म्हणजे इथल्या लोकांशी नातं नको न् गोतं नको. त्यांचा कॉर्पोरल टोबी मोठा मिस्कील आहे. माझा नवा निळा कोट पाहून म्हणाला, बटणं चांगली चमकतात, लांबून नेम धरायला सोपं. खारवलेलं मांस आणि राखेत भाजलेली भाकरी हाणली. बहिणीला पत्र लिहायचंय.

८ मे

आज ओढ्यापलीकडे एक म्हातारा येऊन बसला. पांढरी दाढी, डावा खांदा उतरलेला. आमच्याकडे पाठ करून तासन् तास तसाच. मी बोलवायला निघालो, तर टोबीने बाही धरली.

“बसू दे हो साहेब. दुसऱ्याच्या ठिकाणी आलेला माणूस आधी बाहेर बसतो. आतल्याने चूल पेटवून हाक मारली की मग येतो. तुम्ही गोरे लोकच तेवढे न विचारता घुसता.”

मी हसलो. मग विचारलं, इथे आल्यावर तो स्वतः असा बसला होता का? टोबीने बाही सोडली. म्हणाला, त्यालाही इथे कुणी हाक मारलेली नाही.

दुपारी त्याने चूल पेटवून म्हाताऱ्याला बोलावलं. खाणाखुणांनी कळलं ते एवढंच, की त्याची माणसं वरच्या पाणवठ्यावर उतरली आहेत, भांडण नको. हॅलोरनसाहेबांनी पाणवठा कुठे ते दोनदा विचारून घेतलं.

१३ मे

काल पहाटे पाणवठ्यावर गेलो. कुरणवाल्या मॅकलिशची गुरं कुणीतरी भाल्याने मारली होती, म्हणून. मी फक्त घोडे धरून उभा होतो. हे मी पुन्हा लिहितो: मी घोडे धरून उभा होतो.

साहेबांनी अहवाल सांगितला, “जमाव पांगवला.” मी आकडा विचारला. ते म्हणाले, ओळ संपली, सही कर. मी केली.

एकोणीस मेले होते. मी मोजले होते. म्हातारा सगळ्यात पुढे होता, हात वर करून.

१६ मे

घोडीने लाथ मारली, गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. सगळे उत्तरेला गेले, आठवड्यात परततील. मी एकटा. निघताना टोबीने हळूच सांगितलं, कुणी येऊन बसलं तर हाक मारू नका, आणि चूल आतच पेटवा. त्याच्या चेहऱ्यावर आज थट्टा नव्हती.

१८ मे

भरदुपारी ओढ्यापलीकडे म्हातारा बसलाय. पाठमोरा. तोच उतरलेला खांदा.

असेल दुसरा कुणी.

१९ मे

आज पाच. एक बाई, तिच्या मांडीवर मूल. मूल रडत नाही. घोडी कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थरथरतेय.

२१ मे

एकोणीस. हवेत बार काढला. एकानेही मान वळवली नाही. संध्याकाळी उठून जातील म्हटलं. गेले नाहीत.

२४ मे

आठवडा उलटला. कुणी परतलं नाही. गुडघा वाकत नाही, घोडीवर चढता येत नाही. खोपटी खायला उठते. मोठ्याने बोलून पाहिलं, तर माझाच आवाज परका वाटला. बहिणीचं पत्र सुरू केलं, ‘पाणवठ्यावर’ या शब्दाशी अडलं.

ते काही करत नाहीत. नुसते बसलेत. आम्ही एक क्षणही थांबलो नव्हतो, आणि हे माझ्या परवानगीसाठी —

२६ मे

भीती वाटते. पण त्याहून जास्त एकटं वाटतं. कुणाला तरी सांगायचंय. त्यांच्याशिवाय सांगणार कुणाला?

चूल बाहेर पेटवली.

हाक मारली.

म्हातारा वळला. उठले — सगळे. ओढा उतरताहेत, वाळूवर पाऊल उमटत नाही — चहाला माझ्याकडे एकच मग —

बसले. चुलीभोवती. आता पाठ नाही, तोंडं माझ्याकडे. मी सगळं बोललो. घोडे धरून उभा होतो म्हटलं.

म्हाताऱ्याने वहीवर बोट ठेवलंय. आकडा हवाय त्याला. लिहितो —

एकोणीस.

मान हलवतो. नाही म्हणतो. चुलीपाशी सरकून जागा करताहेत, एका माणसापुरती — बोट माझ्याकडे —

वी